तीन नंबरची छाती

परिषदेचं कार्यालय, मागची खोली
६ जानेवारी

कानसेन,

माझं आयुष्य ज्या क्षणी फिरलं, तेव्हा तू दाराबाहेर रांगेत उभी होतीस. आत काय झालं ते तुला ऐकूनच ठाऊक आहे, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. तीन नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या छातीवर मी स्टेथोस्कोप ठेवला आणि मला लब-डब सोडून काहीही ऐकू आलं नाही. तो क्षण. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

परीक्षकांनी विचारलं, "काय ऐकू येतंय?" मी म्हटलं, "काही नाही. हृदय ठणठणीत आहे." दोघं एकमेकांकडे बघून हसले. जाडा होता तो म्हणाला, "बाळ, रोग्याचं राहू दे. आधी स्वतःचे कान तपासून घे." पुढचं साऱ्या कॉलेजनं ऐकलं. स्टेथोस्कोप टेबलावर फेकला आणि दार असं आपटलं, की वरची तसबीर वाकडी झाली. ती अजून वाकडीच आहे, काल बघितली. माझ्यामागून तू आत गेलीस आणि 'उत्तम' शेरा घेऊन बाहेर आलीस. मी तिसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं ते पुन्हा तोंड दाखवलं नाही.

आता हसू नकोस. आपली परीक्षा घेणाऱ्या त्याच परिषदेत मी नोकरीला लागलोय! मामा इथं अधीक्षक आहे. परिषदेला पंचाहत्तर वर्षं होताहेत, त्यांना इतिहासाचं जाडजूड पुस्तक हवंय. देशातल्या प्रत्येक डॉक्टरला परवाना देणारी परिषद, आणि तिचा इतिहास लिहिणार कोण, तर तिनंच बहिरा ठरवलेला मी. मामा म्हणाला, "डॉक्टर झाला नाहीस, निदान डॉक्टरांबद्दल शुद्ध तरी लिही. नुसता घरी बसून त्या मुलीच्या नावानं उसासे टाकतोस, ते इथं पंख्याखाली बसून टाक."

माझ्या खोलीला लागूनच ते परीक्षेचं दालन आहे. परीक्षा नसली की बंद असतं. चार लोखंडी खाटा, घडी घातलेली घोंगडी, भिंतीवर एक ते चार आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. संध्याकाळी माणसं घरी गेली, की मधल्या भिंतीतून आवाज येतो. लब, मग एक फुसकारा, मग डब. पुन्हा लब. हसू नकोस म्हटलं ना!

म्हणून विचारतो. छातीला हात लावून सांग, तू त्या दिवशी काय ऐकलंस? कसा होता तो आवाज? मला ताडून बघायचंय.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
भडकू

मुलींचं वसतिगृह
१५ जानेवारी

भडकू,

तुझं पाकीट रखवालदारीणबाईंनी भर जेवणाच्या खोलीत वर धरून "हे जाड पत्र कुणाचं गं?" म्हणून विचारलं. पुढच्या वेळी पातळ कागद वापर. निदान उसासे तरी कमी टाक, वजन वाढतं.

तो तीन नंबर, तुझा कान, माझा कान, किती दिवस उगाळणार आहेस? अरे, एक मर्मर हुकला. झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागं गळतं, त्याचा फुसकारा होतो. शंभरात दहा जणांना पहिल्यांदा कळत नाही. ते खाली मान घालून "पुन्हा ऐकतो सर" म्हणतात. तू दार आपटलंस. प्राचार्य अजून तुझी आठवण काढतात, माहीत आहे? माफी मागितलीस तर घेतील परत. जीभ झडणार नाही तुझी.

आवाज कसा होता म्हणतोस. लब आणि डब यांच्या मधे, मऊ, फुंकर घातल्यासारखा, डाव्या काखेकडे पसरत जाणारा. झालं समाधान?

माझी शेवटची परवाना परीक्षा एप्रिलात आहे. आई दर आठवड्याला लिहिते, की गिरणीच्या वसाहतीतल्या दवाखान्याची पाटी रंगवायला टाकली आहे. तिथं कुणी डॉक्टर वर्षभर टिकत नाही. इतकी वर्षं ती नर्स म्हणून एकटी तो दवाखाना ओढतेय. पाटीवर माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहून घेतलंय तिनं. परीक्षेआधीच! आता नापास झाले तर पाटी बदलण्यापेक्षा आई मुलगीच बदलेल.

भिंतीतला आवाज पाण्याच्या पंपाचा असणार. शिपायाला विचार.

तुझी,
(काय ते एप्रिलनंतर ठरवू)

परिषदेचं कार्यालय
२ फेब्रुवारी

कानसेन,

"फुंकर घातल्यासारखा, डाव्या काखेकडे पसरत जाणारा." शब्दन् शब्द पुस्तकातला. ते पान आपण दोघांनी ग्रंथालयाच्या जिन्यात बसून पाठ केलं होतं, तुझी वेणी माझ्या वहीवर पडली होती म्हणून मला पानासकट आठवतं. मी तुला पुस्तक नव्हतं विचारलं गं. कान विचारला होता.

जाऊ दे. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "पंपच साहेब." पंप दहा दिवस नादुरुस्त होता. आवाज सुट्टीवर गेला नाही.

इतिहास मात्र चांगलाच रंगलाय. सुरुवातीला परिषद म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. टेबलाच्या एका बाजूला तीन बुजुर्ग, दुसऱ्या बाजूला उमेदवार. तीन प्रश्न विचारायचे, घडाघडा म्हटलं की परवाना. असा एक पहिला आलेला डॉक्टर पहिल्या अध्यक्षांच्या घरी गेला. त्यांच्या मुलीला ताप होता. त्यानं दारात उभं राहूनच रोगाची सगळी लक्षणं सुरेख म्हणून दाखवली, औषध लिहिलं आणि गेला. पोरीच्या अंगाला हात लावला नाही. ती गेली. पुढच्या बैठकीत अध्यक्ष एवढंच बोलले: "पुस्तक मिटा, माणूस उघडा." त्यातून त्या चार खाटा आल्या. जुना, न बदलणारा आजार असलेली माणसं वर्षातून दोनदा तिथं येऊन बसायची. 'कायम रोगी' म्हणतात त्यांना. नाव नाही, खाटेचा नंबर.

दोन नियम त्यांनी केले. एक, रोग्यानं तोंड उघडायचं नाही, नाहीतर उत्तर फुटेल. दुसरा, परीक्षेच्या सकाळी परीक्षकांनी स्वतः प्रत्येक छातीला आधी कान लावायचा. पहिला अजून पाळतात. दुसरा कधी बंद पडला ते कुणाला सांगता येत नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, "अरे, तीन नंबर म्हणजे तीन नंबर. दरवेळी काय ऐकायचं त्यात? सूर्य उगवला का ते रोज बघतोस का तू?"

इथं सगळ्या अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात स्टेथोस्कोप, फक्त पहिल्याच्या नाही. त्यांची मान जराशी कलती आहे, कान भिंतीकडे. मी बसतो त्या भिंतीकडे.

मी तीन नंबरला शोधून काढणार आहे. त्याच्या छातीत काय आहे ते त्यालाच विचारतो. पण त्याआधी तुला पुन्हा विचारतो. तू ऐकलंस ना?

भडकू

वसतिगृह
११ फेब्रुवारी

हो. ऐकलं. आता पुरे.

तुला राग आला की तू दार आपटून मोकळा होतोस. मला तशी चैन नाही. माझ्या मागे आई आहे, पाटी आहे, आणि एक अख्खी वसाहत आहे जी ताप आला की आधी गाडीचं वेळापत्रक बघते. त्या म्हाताऱ्याला शोधू नकोस. एप्रिल सरला की मी स्वतः येईन तुझ्याकडे, आणि तुला जे विचारायचंय त्याचं उत्तर देईन. मर्मरचं नाही रे, दुसऱ्याचं. तुला कळलं नसेल तर तू खरंच बहिरा आहेस.

परिषदेचं कार्यालय
९ मार्च

कानसेन,

कळलं. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं, की कागदाची घडी फाटली. तरी मी तुझं ऐकलं नाही. आता हे नीट, बसून वाच.

तीन नंबर बसथांब्यामागच्या बोळात छत्र्या दुरुस्त करतो. दुकान कसलं, जिन्याखालचा खण. वरून काड्यांचे सांगाडे लटकताहेत, वटवाघळांसारखे. मला बघून हातातली पक्कड खाली ठेवली.

"तुम्ही ते दार आपटणारे ना?"

म्हटलं, "ओळखलंत?"

"विसरेन कसा! दार तुम्ही आपटलंत, दचकलो मी. हृदयाचा ठोका चुकला म्हणतात तो तेवढाच काय तो आमचा आजार."

मी विचारलं, म्हणजे? तो सहज म्हणाला, "मला काही नाही हो. कधीच नव्हतं. आजार बाबांना होता."

खरा तीन नंबर याचा बाप. वीसेक वर्षं त्या खाटेवर बसला. सहा-सात वर्षांमागे एका पहाटे गेला, आणि नेमकी त्या दिवशी परीक्षा. हा बिचारा निरोप द्यायला परिषदेत आला. बाप-लेकाचा चेहरा एका साच्यातला, आणि दुःखानं माणूस एका रात्रीत म्हातारा दिसतोच. शिपायानं दंडाला धरून खाटेवर बसवलं, "उशीर केलात, शर्ट काढा." यानं तोंड उघडलं, तर परीक्षक म्हणाले, "श्श! रोग्यानं बोलायचं नाही."

मग पहिल्या उमेदवारानं कान लावला आणि म्हणाला, "मर्मर आहे." दुसरा म्हणाला, "आहे." तिसरी म्हणाली, "स्पष्ट आहे." तीन नंबरला मर्मर आहे, हे वसतिगृहातल्या उशांनाही ठाऊक असतं!

त्याचं पुढचं बोलणं मी आहे तसं लिहितो. "सगळी शिकलेली माणसं. एक नाही, दोन नाही. सगळी म्हणाली, आहे. मग मला वाटलं, असेल. बाबा गेले म्हणजे गेले कुठे? इथंच असतील." त्यानं छातीवर हात ठेवला. "म्हणून जातो मी. वर्षातून दोनदा कुणीतरी कान लावून सांगतं, बाबा आहेत म्हणून. मग तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, काही नाही. त्या दिवशी घरी येऊन रडलो. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो."

मी विचारलं, "मग पुन्हा कशाला गेलात?"

"तुमच्यामागून ती मुलगी आली ना. तबकडी आधी आपल्या तळहातावर धरून ऊन केली तिनं. तसं कुणी करत नाही, सगळे गारच ठेवतात. ती म्हणाली, आहे."

म्हणजे मी बहिरा नव्हतो. ते ऐकून बोळातून नाचत निघायला हवं होतं मी. त्याच्याच जिन्याच्या पायरीवर बसलो.

मामाला सगळं सांगितलं. तो घामाघूम झाला. म्हणाला, "परीक्षा तोंडावर आहे. सहा-सात वर्षांचे परवाने आहेत त्या छातीवर. तू एक अक्षर बोलू नकोस, मी बघतो." तो काय बघणार? त्याला चष्म्याशिवाय मी दिसत नाही.

आता तुझं. तीन नंबरच्या छातीत काही नाही. खरं बोललीस, की माझ्यासारखी नापास. खोटं बोललीस, की डॉक्टर. मी तुला काय सांगू? काहीच सांगत नाही. फक्त कान लाव, आणि जे ऐकू येईल ते म्हण.

तुझा,
भडकू

वसतिगृह
२१ एप्रिल

भडकू,

निकाल लागला. पास झाले. हे पत्र आनंदाचं असायला हवं होतं.

आधी जुनं सांगते. तुझ्यामागून मी आत गेले तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. खूप वेळ कान लावला. त्याचे डोळे भरले होते, मला वाटलं तू दार आपटलंस म्हणून घाबरला. तो माझ्याकडे असा बघत होता, की मी 'आहे' म्हणाले. मार्कांसाठी म्हणाले की त्याच्यासाठी, मला आजही सांगता येणार नाही. तुझ्या प्रश्नांना पुस्तकातून उत्तरं दिली, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता नवं. तुझं पत्र दहा वेळा वाचून गेले होते. आईची पाटी, वसाहत, सगळं बाजूला ठेवलं होतं. ठरवून गेले होते, की 'काही नाही' म्हणायचं. तबकडी तळहातावर ऊन केली. त्यानं मला ओळखलं, जरासा हसला. मी कान लावला.

आणि होता रे. लब, फुसकारा, डब. डाव्या काखेपर्यंत. मी स्टेथोस्कोप काढून पुन्हा लावला. होता. आईची शपथ. मी 'आहे' म्हणाले, कारण होता.

तू म्हणालास, जे ऐकू येईल ते म्हण. मी तेच म्हणाले. आता मी काय करू ते सांग.

तुझी

परिषदेचं कार्यालय
२५ एप्रिल

डॉक्टरसाहेब,

अभिनंदन.

पहिलं खोटं मला आधीच ठाऊक होतं. तीन नंबरनं सांगितलं होतं, 'आहे' म्हणण्याआधी तुझी मान 'नाही' म्हणून हलली होती. ते मी तुला लिहिलं नाही. वाटलं, आपणहून सांगशील, आणि मी मोठ्या मनानं गिळून टाकीन. गिळलंही. पण हे दुसरं? ज्या माणसाच्या छातीत काही नाही, हे तुला आधीच माहीत होतं, तिथं तुला ऐकू आलं? आणि वर आईची शपथ?

परवाना हवा होता, घेतलास. सरळ सांगायचं होतंस. मला वेडा ठरवून कशाला?

पाटीचा रंग वाळला असेल. जा.

गिरणी वसाहत, दवाखाना
३० ऑगस्ट

भडकू,

चार महिने तुला लिहायचं नाही म्हणून हात बांधून बसले होते. तुझ्या शब्दांचा राग होता, अजून आहे. पण आता ज्याला विचारावं असा दुसरा माणूसच उरला नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा आहे. खिडकीतून गिरणीची भिंत दिसते. आई सकाळी टेबल पुसते, मी खुर्चीत बसते, ती मला सगळ्यांसमोर "डॉक्टर" म्हणते आणि घरी गेल्यावर "ताट उचल गं." पहिला महिना बरा गेला. मग जूनमध्ये एका विणकराच्या मुलीला खोकला झाला म्हणून तपासलं, आठ-नऊ वर्षांची. दिवसभर दोरीवरच्या उड्या मारते, दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा. छातीला कान लावला आणि मला तो आवाज आला. तोच. तीन नंबरचा.

तुझी आठवण झाली. म्हणून खात्री करायला तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, सोबत चिठ्ठी, 'मर्मर वाटतो, कृपया तपासा.' तिथल्या डॉक्टरची उलट चिठ्ठी आली: 'मर्मर आहे. स्पष्ट.' आपल्याहून चार वर्षं पुढचा आहे तो. त्याच खाटेवरून पास झालेला.

मुलीच्या आईनं दोरी काढून घेतली. आता ती पोर भिंतीला धरून चालते. तिला कुणीतरी सांगितलंय, की तुझी छाती फुटकी आहे. परवा मला विचारलं, "डॉक्टरबाई, हळू हसलं तर चालेल का?"

त्यानंतर मला सगळीकडे ऐकू येतो. म्हाताऱ्यांत, बाळंतिणींत. एक दिवस तबकडी स्वतःच्या छातीवर ठेवली. तिथंही आहे. गिरणी बंद असते त्या दिवशीही ऐकू येतो, म्हणजे गिरणीचा नाही. तुझ्या पंपासारखंच.

मी खोटं बोलत नव्हते रे. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, थांबवता आलं असतं.

मला माझ्या कानांचा भरवसा उरला नाही, आणि त्या खाटेवरून परवाना घेतलेल्या कुणाच्याच कानांचा नाही. अख्ख्या देशात एक माणूस मला ठाऊक आहे ज्यानं त्या छातीला कान लावला आणि 'काही नाही' म्हणाला. त्याला आम्ही बहिरा म्हटलं. तू येशील? माझ्यासाठी नको. त्या पोरीच्या छातीला एकदा कान लाव.

तुझी

परिषदेचं कार्यालय, मागची खोली
७ सप्टेंबर

कानसेन,

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. तरी लिहितोय, कारण लिहिताना माझं डोकं थंड राहतं आणि आज मला ते थंडच हवंय.

आधी माफी. तुला खोटारडी ठरवलं. परीक्षेपासून तू तो आवाज एकटीनं सोसलास, आणि मी इथं तुझ्यावर राग धरून मजेत जगत होतो. राग धरला की मला झोप छान लागते, हा माझा जुना आजार आहे. त्यालाही एक खाट द्यायला हवी, पाच नंबर.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तीन नंबरला दुकान बंद करायला लावलं आणि घेऊन आलो. मामा आडवा आला, "अरे, अध्यक्षांना वेळ नाही." मी आवाज न चढवता म्हटलं, "मामा, एका पोरीची दोरी काढून घेतलीय." त्याला काही कळलं नाही, पण मी ओरडलो नाही याचीच त्याला भीती वाटली असावी. बाजूला झाला.

आताचे अध्यक्ष म्हणजे हृदयाचे देशातले सर्वांत मोठे डॉक्टर. चांगला माणूस आहे, खोटं नाही सांगत. मी बापाची, लेकाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग छत्रीवाल्याला म्हणाले, "बसा काका. या वेळी बोललात तरी चालेल."

तो म्हणाला, "साहेब, मला काही नाही. आजार बाबांना होता."

अध्यक्षांनी कान लावला. खोलीत त्यांच्या घड्याळाशिवाय काही वाजत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होतो, आणि तो कसा बदलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी तिथं काही नव्हतं. मग कपाळाला एक आठी पडली, मान जराशी कलली, तसबिरीतल्या पहिल्या अध्यक्षांसारखी. त्यांनी स्टेथोस्कोप हळूच काढला.

"आहे," म्हणाले. "आहे रे. मला ऐकू येतोय."

त्यांनाही तो नको होता. माझ्यावर कुरघोडी म्हणून ते बोलले नाहीत, हे मी तुला शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर आता विश्वास ठेवलास तर ठेव.

छत्रीवाल्याचा चेहरा उजळला. शर्टाची बटणं लावता लावता मला म्हणाला, "बघा. मोठे साहेबसुद्धा म्हणाले. तुमचंच काहीतरी चुकलं असेल." मग बोटानं छाती हळूच ठोकली, दार ठोठावतात तशी. मला त्याला सांगता आलं नाही. एकदा मी त्याच्या बापाला मारलंय. पुन्हा मारायला माझी जीभ उचलेना.

तो गेल्यावर अध्यक्षांनी माझ्या पुस्तकाचं हस्तलिखित पुढं ओढलं. मग म्हणाले, "पुस्तक छान झालंय. फक्त कायम रोग्यांचं प्रकरण काढ. पुढच्या परीक्षेपासून तीन नंबरची खाट आम्ही हलवू."

मी म्हटलं, "सर, आणि ज्यांना परवाने दिले ते?"

ते म्हणाले, "त्यांना काय लिहू? की तुम्ही ऐकलेलं ऐकू नका?"

मामानं लगेच ते प्रकरण उपसून माझ्या हातात दिलं आणि बाकीचं छापखान्यात पाठवलं. जाताना म्हणाला, "आता तरी कॉलेजात जा, राजा. मी प्राचार्यांशी बोलतो." बिचारा. त्याला वाटतं, मी पुन्हा दार आपटणार.

आता तुझ्याशी खरं बोलतो. मी येतोय. रात्रीची गाडी आहे. माझ्याकडे परवाना नाही, स्टेथोस्कोपही नाही, तो त्या दिवशी टेबलावरच राहिला. माझा कान आहे, तो थेट लावीन. त्या पोरीच्या छातीला, आणि तिच्या आईसमोर. काही नसलं तर 'काही नाही' म्हणेन, इतक्या मोठ्यानं म्हणेन, की गिरणीत ऐकू जाईल, आणि दोरी मी स्वतः तिच्या हातात देईन. मग तुझ्या छातीला. तुझी परवानगी असेल तर.

तुझा माझ्यावर भरवसा आहे, म्हणून एक लपवलेलं सांगायलाच हवं. त्या खाटेवर मला काही ऐकू आलं नाही तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. मी वसतिगृहात राहत नव्हतो, तीन नंबरचं उत्तर मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. माझे कान चांगले होते असं नाही गं. ते कोरे होते. आता तसे नाहीत. जानेवारीपासून या भिंतीतला आवाज मी रोज ऐकतोय. तो कसा असतो, कुठं थांबतो, किती लांबतो, मला तोंडपाठ आहे. आत्ताही चालू आहे. लब, फुसकारा, डब.

मला भीती एकच आहे. त्या पोरीच्या छातीला कान लावला आणि मलाही ऐकू आला तर?

तुला म्हणून सांगितलं. तिला सांगणार नाही. तिच्यासमोर जाईन तो बहिऱ्यासारखाच जाईन.

मघाशी दालनात जाऊन आलो. वाकडी झालेली तसबीर सरळ केली. तीन नंबरचं घोंगडं कुणीतरी आधीच उचलून नेलंय. नुसती खाट आणि पाटी. खिळा गंजलाय, पाटी निघाली नाही.

आता दिवा मालवतो. ते प्रकरण पिशवीत घातलंय, तुझी पत्रं खिशात. दालनाचं दार अजून उघडंच आहे. त्या दिवशी हेच दार आपटलं होतं, आणि इतका आवाज झाला होता, की त्याच्यामागं दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. आज हळू लावणार आहे. एका हातानं कडी धरून, अगदी सावकाश, म्हणजे तो आवाज आत राहतो की माझ्याबरोबर बाहेर येतो, ते नीट कळेल.

उठलो. बाहेर आलो. हे शेवटचं पाकिटावर लिहितोय, भिंतीला टेकवून.

लावलं दार.